वाघाचा बंदोबस्त

मोकाट जनावरांचा बंदोबस्त म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? फार तर नगरपालिकेची कुत्री पकडणारी गाडी. खेड्यातल्या वाचकाला कोंडवाडा आठवेल. इंग्रजांनी 1871 साली गुरांच्या आगळिकीचा कायदा केला, त्यात कोंडवाड्याची सारी रीत लिहून ठेवलेली आहे. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गाय तेथे जाते, मालक कपाळाला आठ्या घालीत दंड भरतो, शिपाई दावे सोडतो आणि प्रकरण मिटते.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोकाट जनावर म्हणजे वाघ, आणि त्याच्या मापाचा कोंडवाडा अजून कोणत्याही ग्रामपंचायतीने बांधलेला नाही.

हे कोणाला विनोदी वाटेल. पण 2022 च्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारात, काम आटोपून घरी निघालेल्या एका कामगाराला वाघाने उचलले. लगेच दुसऱ्या दिवशी जवळच्याच दुर्गापूर वस्तीत बिबट्याने सोळा वर्षांचा मुलगा नेला. ज्या केंद्राची वीज मुंबईपर्यंत दिवे लावते, त्याच्या भिंतीआड ही गोष्ट. जिल्ह्यात गेली काही वर्षे दरसाल वीसच्या वर माणसे वाघ-बिबट्यांच्या तोंडी जातात. मग रस्त्यावर टायर जळतात, गाड्या अडतात, आणि एकच मागणी ऐकू येते : "वाघाचा बंदोबस्त करा!"

मी मराठीचा प्राध्यापक. शब्द कानावर पडला की तो उलटून पाहण्याची खोड जात नाही. 'बंदोबस्त' हा फारसी शब्द; त्याचे दोन्ही तुकडे बांधण्याचेच. एक बांधणे आणि दुसरे आवळणे. मराठीने तो आपलासा केला आणि लग्नाच्या पंगतीपासून पोलिसांच्या पहाऱ्यापर्यंत सगळीकडे वापरला. आमच्या जुन्या मध्य प्रांतात तर शेतसारा ठरवण्याच्या मोठ्या कामालाच 'बंदोबस्त' म्हणत. जमीन मोजली, सारा बांधला, की बंदोबस्त झाला. आता तोच शब्द वाघामागे लागला आहे. पण वाघ बांधायचा कोणी, आणि कशाने?

*

हे काम सरकार-दरबारी ज्याच्या माथी आहे तो माणूस म्हणजे वनरक्षक. आमच्याकडची जुनी माणसे त्याला अजून 'नाकेदार' म्हणतात. वन खात्याची उतरंड मोठी आहे. वर उपवनसंरक्षक, त्यांच्याखाली सहायक वनसंरक्षक, मग परिक्षेत्राचे वनाधिकारी, मग वनपाल, आणि सर्वांच्या खाली, जमिनीला पाय टेकलेला, हा वनरक्षक. त्याच्या वाट्याच्या जंगलाला नियतक्षेत्र म्हणतात. तेथली झाडे, तेथला वणवा, तेथली चोरटी तोड, तेथला अतिक्रमणाचा नांगर आणि तेथला वाघ, सगळे त्याचेच. हातात शस्त्र म्हणाल तर बहुधा एक काठी.

माझ्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी आज ब्रह्मपुरी वनविभागात वनरक्षक आहे. बी. ए. ला मराठी घेऊन बसला होता. त्याचे नाव सांगत नाही. सरकारी नोकरीतल्या माणसाने मनातले बोलावे आणि ते दिवाळी अंकात छापून यावे, हे त्याला सोसायचे नाही. अधूनमधून तो घरी येतो, चहा घेतो आणि बोलतो. एकदा मी त्याला विचारले, "काय रे, वाघ आवरायचा म्हणजे नेमके करतोस काय?" तो हसला. म्हणाला, "सर, वाघाले आवरनं सोपं हाय जी. मानसाले आवरनं कठीन."

मला वाटले, चहाबरोबर काढलेली टूम असेल. पण त्याच्या दिवसाचा हिशेब ऐकला तेव्हा पटले.

पहाटे पाचला त्याचा दिवस सुरू होतो. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतील छायाचित्रे काढायची, पायवाटेच्या धुळीत आणि नाल्याच्या वाळूत माग पाहायचे. नराचा पंजा चौकोनी, मादीचा लांबट. माग ताजा असला तर कडा तीक्ष्ण. माग कोणत्या गावाकडे वळला आहे हे कळले की गावातल्या प्राथमिक बचाव दलाच्या पोरांना फोन करायचा. हे दल म्हणजे गावचीच तरणीताठी मुले, शिट्ट्या आणि विजेऱ्या घेऊन फिरणारी. मग दवंडी, मोबाइलवर निरोप, आणि शेवटी स्वतः घरोघर : आज या अंगाच्या रानात जाऊ नका.

आणि येथेच खरी गाठ पडते. सरपणाला निघालेली म्हातारी कमरेवर हात ठेवून विचारते, "मंग चुलीत तुमचे पाय लावू का, नाकेदार?"

या प्रश्नाला वन खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात उत्तर नाही.

*

आमच्या झाडीपट्टीच्या माणसाचे पंचांग जंगलाने लिहिलेले आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन झाडाखाली जायचे. उशीर केला तर फुले हरणे-अस्वले खातात. फुले नीट दिसावीत म्हणून कोणी खालचा पाचोळा पेटवतो आणि वनरक्षकाच्या वाट्याला वणवा येतो. मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा, आणि पुड्यांवर मजुरी. मुलांची पुस्तके, छपराची कौले आणि सावकाराचे देणे यांतले पुष्कळसे या दोन-अडीच आठवड्यांवर निभते. पावसाळ्यात धानाची रोवणी, रानभाज्या आणि सात्या. हिवाळ्यात सरपण आणि झाडूचे गवत. गुरे बारा महिने रानात.

आता हे पाहा : मोह वेचणारी, पान तोडणारी, गवत कापणारी बाई वाकलेली असते, किंवा उकिडवी बसलेली असते. उभा माणूस वाघाच्या ओळखीचा असतो आणि बहुतेक वेळा तो त्याला टाळतो. पण झुडपाआड वाकलेली आकृती त्याला चितळासारखी वाटते. वेळही दोघांची एकच, पहाट आणि तिन्हीसांज. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. एकाच दिवशी तीन. तरीही पुढे जंगल रिकामे झाले नाही, कारण हंगाम थांबत नाही.

माझा विद्यार्थी म्हणतो, "सर, आमाले वाघ दिसत नाही जी. आमी वाघाले दिसतो."

*

एखादी बाई संध्याकाळपर्यंत घरी आली नाही की पहिला फोन वनरक्षकाला जातो. विजेऱ्या आणि काठ्या घेऊन माणसे रानात शिरतात. प्रेत सापडले तर वाघ पुष्कळदा जवळपासच असतो. गाव तापलेला असतो, आणि जिल्ह्याच्या साहेबाने येऊन शब्द दिल्याशिवाय प्रेत हलू देत नाही. साहेब पन्नास-साठ कोसांवर. तोपर्यंत गावाच्या रागाला समोर एकच खाकी सदरा दिसतो, आणि तो वनरक्षकाचा असतो. त्याने शिव्या ऐकायच्या, कधी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून घ्यायचे, आणि त्याच अवस्थेत पंचनामा लिहायचा.

असे काही पंचनामे त्याने मला वाचून दाखवले. मारुती चितमपल्लींनी वन खात्याच्या नोकरीत राहून मराठीला रानाचे वैभव दिले, 'सारंगागार', 'काकागार' यांसारखे शब्द दिले. 2025 च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा आम्ही महाविद्यालयात त्यांच्यावर बोललो. पण खालच्या पायरीवरचा वनरक्षक जे मराठी लिहितो ते वेगळे. कक्ष क्रमांक, झाडापासूनचे अंतर, ओढत नेल्याची खूण, लुगड्याचा रंग, टोपलीत वेचलेला मोह अंदाजे किती. एकही विशेषण नाही. मी वर्गात करुणरसावर तासन् तास बोललो आहे. ते कागद वाचून झाल्यावर मात्र मला बराच वेळ काही बोलता आले नाही.

मग मदतीचे कागद. वाघाच्या हल्ल्यात माणूस दगावला तर महाराष्ट्र सरकार 2023 पासून 25 लाख रुपये देते. काही हाती, उरलेले वारसांच्या नावाने ठेवीत. रक्कम लहान नाही. पण वारसाचा दाखला, बँकेचे खाते, आधाराच्या कागदावर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरे, ही सारी गुंतागुंत सोडवायला त्या घरी पुन्हा पुन्हा जावे लागते. कोणाला? ज्याला परवा कोंडले होते, त्यालाच.

*

इतके झाले तरी 'बंदोबस्त' व्हायचाच असतो. लोकांना वाटते, वन खात्याने मनात आणले तर बंदूक काढावी आणि संपवावे. एके काळी तसेच होते. इंग्रजी अमलात वाघ मारणाऱ्याला सरकारी खजिन्यातून बक्षीस मिळे. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दिवस संपले. त्याच्या 11 व्या कलमाप्रमाणे माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या वाघाला मारण्याची परवानगी फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तीही लेखी, कारणे नमूद करून, आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही अशी खात्री पटल्यावरच.

म्हणून आधी गुन्हेगार कोण हे ठरवावे लागते. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे. दोघांचे सारखे नसतात. घटनास्थळाभोवती कॅमेरे लावायचे, प्रेताजवळ मिळालेली लाळ आणि केस तपासायला पाठवायचे. मग शीघ्र बचाव दल येते : पशुवैद्य, नेमबाज आणि दोन-चार खंबीर माणसे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीतून औषधाची सुई मारायची. वाघाच्या वजनाचा अंदाज चुकला तर औषध कमी पडते किंवा जास्त होते, दोन्ही वाईट. जवळ पाणी नको, कारण गुंगीत तो त्यात बुडेल. दिवस मावळतीला नको, कारण अंधारात तो सापडणार नाही. सुई लागली की मिनिटे मोजत बसायचे. आडवा झाल्यावर डोळ्यांवर पट्टी, अंगावर पाणी, श्वास आणि ताप यांवर नजर, आणि पिंजऱ्यात ठेवल्यावर उतारा.

राजुरा तालुक्यात आठ माणसे मारणारा वाघ 2020 च्या ऑक्टोबरात पकडला गेला, त्याआधी कित्येक महिने माणसे त्याच्या मागावर होती. पुढे गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तिन्ही जिल्ह्यांत मिळून तेरा बळी घेणारा दुसरा वाघ 13 ऑक्टोबर 2022 रोजी वडसा वनक्षेत्रात बेशुद्ध करून धरला. दोघांचीही रवानगी नागपूरच्या गोरेवाड्याला झाली. ताडोबाच्या पथकातले पशुवैद्य डॉ. रविकांत खोब्रागडे आणि नेमबाज अजय मराठे ही नावे आमच्याकडे खेड्यांतही ठाऊक आहेत ती अशाच कामांमुळे.

पण प्रत्येक वेळी गोष्ट अशी पार पडत नाही. 2019 च्या नोव्हेंबरात भद्रावती तालुक्यात कुनाड्याजवळ सिरना नदीच्या पुलावरून उडी घेतलेला एक वाघ खडकांत अडकला. बातमी पसरली आणि काठावर जत्रा जमली. पिंजरा खाली सोडला, वाघ काही त्यात येईना, अंधार पडला. सकाळी पाहतात तो वाघ मेलेला. वाघाजवळ पोचण्याआधी वन खात्याला नेहमीच अशा गर्दीजवळ पोचावे लागते. ज्याला त्याला मोबाइलमध्ये वाघ हवा असतो. घेरलेला वाघ ज्या फटीतून बाहेर पडणार, नेमके तेथेच माणूस उभा असतो. 'मानसाले आवरनं कठीन' याचा हाही एक अर्थ.

*

आणि समजा, वाघ पकडला. मग पुढे?

2006 साली साऱ्या महाराष्ट्रात 103 वाघ असल्याचा अंदाज होता. 2022 च्या मोजणीत तो आकडा 444 वर गेला. ताडोबा हे राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान, 1955 चे. 1995 मध्ये अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटर, त्याभोवती अकराशेचे बाह्य क्षेत्र, आणि त्या बाह्य क्षेत्रात माणसांची गावे. एका नराला हद्द लागते मोठी. दोन वर्षांचा झाला की आई त्याला दूर करते, बाप उभा राहू देत नाही. तो बाहेर पडतो. बाहेर ब्रह्मपुरीची धानाची बांधे, नाले, झुडपी जंगल आणि गुरे. तेथेही आधीच वाघ. मग वैनगंगा ओलांडून तो गडचिरोलीत उतरतो.

एक वाघ उचलला की त्याची हद्द रिकामी होते, आणि रिकामी हद्द फार दिवस तशी राहत नाही. कोठून तरी दुसरा येतो. येणारा तरणा असतो आणि त्याला गावाची सवय नसते. म्हणून खाते आता काही वाघ लांब नेऊन सोडते. 2023 च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्याला नेल्या. उपाय चांगला आहे, पण तो पसापसाने विहीर उपसण्यातला.

गडचिरोलीची तर आणखी तऱ्हा. तेथे 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा कळप आला आणि राहिला. कमलापूरच्या सरकारी छावणीतले पाळीव हत्ती लोकांना माहीत होते, पण रात्री बांधात शिरून कापणीला आलेला धान तुडवणारा हत्ती कोणाला ठाऊक होता? वाघाचे शास्त्र शिकलेल्या वनरक्षकांना हत्तीचे मूळाक्षरापासून शिकावे लागले; पश्चिम बंगालमधून हत्ती हाकणारी 'हुल्ला' पथके बोलवावी लागली. 2023 च्या सप्टेंबरात या कळपाच्या मागावर असलेल्या वन खात्याच्या एका वाहनचालकाला हत्तीने मारले.

वाघही खाकी ओळखत नाही. 20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोबाच्या कोलारा परिक्षेत्रात वनरक्षक स्वाती ढुमणे तीन सहकाऱ्यांसह व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघाल्या होत्या. वाटेत वाघीण बसलेली दिसली. थांबून, दुसऱ्या बाजूने वळसा घेत असता तिने त्यांना ओढून नेले. ज्या 444 वाघांचा आकडा आपण अभिमानाने सांगतो, त्या मोजणीच्या वाटेवर ही मुलगी गेली. आकडा सांगताना तिचेही नाव सांगावे, असे मला वाटते.

*

ताडोबा हे नाव कोठून आले, याची आमच्याकडे एक कथा आहे. तारू नावाचा गावचा एक प्रमुख वाघाशी झुंजताना मेला. लोकांनी त्याचा देव केला. तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तेथे आदिवासी जमतात. रानात ठिकठिकाणी वाघोबाचीही ठाणी आहेत. म्हणजे आमच्या लोकांनी वाघाला शेंदूर लावला आणि वाघाने मारलेल्यालाही. दोघांशी नाते ठेवले. वाघ नको, असे हा मुलूख कधी म्हणाला नाही. तो म्हणतो ते एवढेच, की आमच्या मरणाची कोणी दखल घ्यावी.

ती दखल घेण्याचे काम आज सर्वांत खालच्या पगाराच्या माणसाकडे आले आहे. ताडोबाजवळ सीतारामपेठेत वाघ दिसताच गावाला इशारा देणारे नव्या बुद्धीचे कॅमेरे बसले आहेत. गावोगावी गॅसची शेगडी, घरात संडास, वाटेवर दिवे, विहिरींना कठडे, गावकुसाची झुडपे साफ, असे उपाय चालू आहेत. ते सगळे हवेतच. वनरक्षकांच्या रिकाम्या जागाही वेळच्या वेळी भरायला हव्यात. पण कॅमेऱ्याने शिट्टी वाजवली तरी ऐकणाऱ्याने घरी थांबायला हवे. आणि माणूस थांबतो तो ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या सांगण्यावरून.

माझ्या विद्यार्थ्याने सांगितलेली एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. त्याच्या क्षेत्रातल्या एका गावात एक वयस्क बाई मोहाला गेली आणि वाघाने मारली. गावाने त्याला सहा तास बसवून ठेवले. सर्वांत जास्त शिव्या दिल्या त्या बाईच्या सुनेने. नंतर मदतीच्या कागदांसाठी तो त्या घरी अकरा वेळा गेला. पहिले काही दिवस त्याला कोणी पाणीही विचारले नाही. पुढच्या हंगामात, एका पहाटे, त्याचा फोन वाजला. तीच सून होती. म्हणाली, "दादा, नाल्यावर ताजा माग हाय. मी बायांले वापस फिरवलं. तुमी या."

त्या दिवशी त्या रानात दहा-बारा बायका गेल्या नाहीत. वर्तमानपत्रात याची बातमी नाही, कारण काही घडलेच नाही. ना टायर जळले, ना पिंजरा आला, ना सुई सुटली. वाघ आपल्या वाटेने गेला आणि बायकांनी त्या दिवसाची मजुरी बुडवली.

सरकारी भाषेत या कामाला काय म्हणतात, मला ठाऊक नाही. आमच्या मराठीत बंदोबस्त म्हणतात तो हाच. येत्या दिवाळीत आमच्याकडे धान कापणीला येईल, कापणारे वाकतील, आणि बांधावर कोणीतरी काठी घेऊन उभा असेल. त्याचा निरोप आला तर ऐका, एवढेच मी माझ्या वर्गातल्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांना दर वर्षी सांगतो. शहरातल्या वाचकांना सांगायचे ते थोडे वेगळे : वाघांचा आकडा वाढल्याची बातमी वाचून आनंद झाला, तर त्या आनंदाची मजुरी कोण देतो आहे, हेही एकदा विचारा.